ॲडजस्टची दुसरी बाजू

ॲडजस्ट हा शब्द हिशेबाचे काम करणाऱ्याला दोन ठिकाणी भेटतो: वहीत आणि वहीबाहेर. वहीत त्याचा अर्थ ठरलेला आहे. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम त्याच्या बिलातून वळती करायची, परत गेलेल्या मालाची डेबिट नोट लावायची, ३१ मार्चला येणे असलेले व्याज आणि देणे असलेले वीजबिल ज्या त्या वर्षात आणून बसवायचे, या सगळ्याला ॲडजस्टमेंट म्हणतात. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना तीच गोष्ट ‘समायोजना’ म्हणून आठवत असेल. वहीबाहेर मात्र या शब्दाला काहीही चालते. पेमेंट या महिन्यात होणार नाही, ॲडजस्ट करा. रात्रपाळीला माणूस नाही, ॲडजस्ट करा. तिघांच्या बाकावर चौथा येतोय, ॲडजस्ट करा. बेंगळुरूच्या पूर्वेला के. आर. पुरम ते महादेवपुरा या पट्ट्यात लहान कारखाने, गॅरेजे, गोदामे आणि आयटी कंपन्यांची आवारे एकमेकांना खेटून आहेत. तिथे हिशेब लिहिताना हे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर येऊन पडतात, आणि त्यातून माझे एक मत बनत गेले आहे. वहीतल्या ॲडजस्टला दोन बाजू असाव्याच लागतात, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. बोलण्यातल्या ॲडजस्टची एकच बाजू ऐकू येते. दुसरी असते, पण कुठे लिहिलेली नसते. आणि न लिहिलेली बाजू बहुतेक वेळा ज्याचा आवाज लहान त्याच्या नावावर पडते.

बेंगळुरूत हा शब्द सुटा क्वचितच येतो. ‘स्वल्प अडजस्ट माडि’ असा तीन शब्दांचा जुडगाच आहे, आणि बाहेरगावचे लोक तो या शहराची ओळख म्हणून कौतुकाने सांगतात. मराठी माणसाला यातला पहिला शब्द परका नाही. स्वल्पविरामातला तोच हा स्वल्प. ‘माडि’ म्हणजे ‘करा’, आदरार्थी. इंग्रजीत ‘ॲडजस्ट’ या क्रियापदाला सहसा कर्म लागते: आरसा ॲडजस्ट करतात, पट्टा ॲडजस्ट करतात, आकडा ॲडजस्ट करतात. हातात हत्यार असलेला माणूस एखादी वस्तू नीट बसवतो आहे, असा तो प्रकार. कर्माशिवायही ते इंग्रजीत चालते, नाही असे नाही. अंधाराला डोळे सरावतात किंवा माणूस नव्या गावात रुळतो तिथे इंग्रज हाच शब्द वापरतो. पण समोरच्याला आज्ञार्थी ‘ॲडजस्ट करा’ म्हणून तिथेच थांबायचे, काय आणि किती ते सांगायचेच नाही, ही रीत आपली. कर्माची जागा रिकामी सोडली की ऐकणारा ती स्वतःला घालून भरतो. गंमत अशी की शब्दाच्या मुळाशी गेले तर बाकावर सरकून बसणाऱ्यांची बाजू बळकट होते. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘लगत, जवळ’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पुढे फ्रेंचमध्येच ‘रास्त, न्याय्य’ अर्थाच्या दुसऱ्या शब्दाशी त्याची सरमिसळ झाली. जवळ आणणे आणि रास्त करणे, दोन्ही त्याच्या पोटात आहेत. बसमध्ये आपण पहिला अर्थ वापरतो. दुसऱ्याची आठवण हिशेबात आणि कारखान्यात उरली आहे.

कारखान्यात तर नक्कीच. ज्या कामांत हा शब्द हत्याराबरोबर आला तिथे तो आजही नेमका आहे. ओल्ड मद्रास रोडवरच्या गॅरेजात ‘टॅपेट ॲडजस्ट’ म्हणतात तेव्हा मेकॅनिकच्या हातात फिलर गेज असते. फट किती ठेवायची ते इंजिन बनवणाऱ्या कंपनीने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगितलेले असते. फट जास्त राहिली तर इंजिन खडखडते. कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. रेल्वेच्या डब्यांखाली आणि वाघिणींखाली स्लॅक ॲडजस्टर असतो, आणि के. आर. पुरमला, म्हणजेच कृष्णराजपुरमला, लोको शेड असल्यामुळे या भागात हे नाव ऐकून कोणी दचकत नाही. ब्रेकचे ठोकळे झिजले की ठोकळा आणि चाक यांतले अंतर वाढते. ॲडजस्टर दांडीची लांबी आपोआप बदलून ते अंतर पूर्ववत राखतो. पण झिजलेला ठोकळा त्यामुळे पुन्हा जाड होत नाही. झिजेची मर्यादा ठरलेली आहे, ती तपासणारा माणूस नेमलेला आहे, आणि मर्यादा आली की ठोकळा बदलावाच लागतो. इथल्या स्टेशनावरून जाणारा केबलचा पूल २००३ सालचा. लोक त्याला हँगिंग ब्रिज म्हणतात, कानडीत तूगु सेतुवे. अभियंत्यांच्या भाषेत तो केबल-स्टेड पूल. अशा पुलात प्रत्येक केबलचा ताण हिशेबाने ठरवलेला असतो. एकीचा ताण बदलला तर शेजारच्या केबलींवरचा भार बदलतो आणि रस्त्याची पातळीही हलते. त्यामुळे एका केबलला ‘तू जरा सांभाळून घे’ म्हणणाऱ्याला बाकीच्यांचे गणित पुन्हा मांडावेच लागते. लोखंड भीड धरत नाही, एवढाच काय तो फरक.

हिशेबाच्या वहीचे तसेच आहे. नावे लिहिले की जमा लिहावे लागते. टॅली हे सॉफ्टवेअर १९८६ साली सुरू झालेल्या बेंगळुरूच्या कंपनीचे, आणि देशभरातल्या लहान धंद्यांचे हिशेब त्यावर चालतात. ग्राहकाकडून रक्कम आली की टॅली विचारते, ही कशापोटी धरायची? पर्याय चार: नवा संदर्भ, जुन्या बिलापोटी, आगाऊ, किंवा ‘ऑन अकाउंट’. पहिल्या तिन्हींत रकमेला नाव-गाव मिळते. चौथा म्हणजे ‘नंतर बघू’. हिशेबनीस चौथा पर्याय नाइलाजाने वापरतो आणि वर्षअखेरीला त्याच ओळींशी सगळ्यात जास्त झगडतो, कारण महिन्यामहिन्याने त्या फुगत गेलेल्या असतात आणि कोणाचे कोणत्या बिलाचे किती हे दोन्हीकडच्यांना आठवत नसते. बोलण्यातला ॲडजस्ट हा असा कायमचा ‘ऑन अकाउंट’ आहे. लिहिलेल्या ॲडजस्टवर निदान भांडता तरी येते. के. आर. पुरमलगतच्या दूरवाणीनगरात १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, म्हणजे आयटीआयचा, कारखाना आहे. त्या टेलिफोनच्या धंद्यातलाच पुढचा दाखला घ्या. दूरसंचार कंपन्यांनी सरकारला कोणत्या उत्पन्नावर वाटा द्यायचा हे ठरवणारी संज्ञा होती ‘ॲडजस्टेड ग्रॉस रेव्हेन्यू’. तिच्यात काय धरायचे आणि काय वगळायचे यावर वर्षानुवर्षे खटला चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्थ उचलून धरला. देणे निघाले सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या घरात. निकाल कोणाला पटो न पटो, करारात व्याख्या लिहिलेली होती म्हणून तिच्यावर वाद घालता आला.

उलट घरभाड्याचा व्यवहार बघा. पुण्याहून येणाऱ्याला इथे पहिला धक्का शब्दांचाच बसतो. आपण ज्याला डिपॉझिट म्हणतो त्याला इथे ‘ॲडव्हान्स’ म्हणतात, आणि मुंबईत ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतात, म्हणजे मोठी रक्कम देऊन बिनभाड्याने राहणे, त्याला इथे ‘लीज’ म्हणतात. दहा महिन्यांच्या भाड्याइतका ॲडव्हान्स ही या शहराची जुनी रीत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली, पण तो आदर्श म्हणजे नमुना. राज्यांनी स्वीकारला तरच लागू. घर सोडताना भाडेकरू म्हणतो, शेवटचे दोन महिने ॲडव्हान्समधून ॲडजस्ट करा. मालक म्हणतो, रंगकामाचे एक महिन्याचे भाडे ॲडजस्ट करतो. दोघांचा शब्द एकच आहे आणि दोघेही अडाणी नाहीत. तरी भाडेकरूचा ॲडजस्ट ही विनंती असते आणि मालकाचा ॲडजस्ट हा निर्णय, कारण रक्कम मालकाच्या खात्यात पडून आहे. रंगाला खरोखर किती खर्च आला याची पावती क्वचितच समोर येते. शब्दाचा अर्थ व्याकरणापेक्षा पैसे कोणाच्या हातात आहेत त्यावर ठरतो, हे या एका व्यवहारात जितके उघडे दिसते तितके दुसरीकडे नाही.

पण माझ्या कामात सगळ्यात जास्त जागा खाणारा ॲडजस्ट पेमेंटचा. सुटे भाग बनवणारा एखादा लहान कारखाना मोठ्या कंपनीला माल देतो. बिलावर पंचेचाळीस दिवस लिहिलेले असतात. पंचेचाळीस उलटतात, साठ होतात, नव्वद होतात, आणि खरेदी विभागाकडून अत्यंत सौजन्याने निरोप येतो की या तिमाहीत जरा ॲडजस्ट करा. सौजन्य खोटे नसते. निरोप देणाऱ्याच्या हातातही फारसे काही नसते. आता या कारखान्याच्या कॅलेंडरवर बाकीच्या तारखा बघा. पगार ७ तारखेच्या आत. भविष्यनिर्वाह निधी १५ तारखेला. ज्या बिलाचा एक रुपयाही आलेला नाही त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारजमा करायचा, कारण कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. पोलाद विकणारा व्यापारी तर माल चढवण्याआधीच पैसे मागतो. यातली कुठलीही तारीख ॲडजस्ट होत नाही. मग मधली पोकळी भरते बँकेचे कॅश क्रेडिट खाते, आणि त्यावर दर महिन्याला व्याज पडते.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात ठोस पुरावा इथे आहे. मोठ्या कंपनीच्या वहीत या ॲडजस्टची नोंदच होत नाही. तिच्याकडे देणे होते, ते देणेच राहते. लहान कारखान्याच्या वहीत नोंद होते, पण ती ‘बँक व्याज’ या सदराखाली, ग्राहकाच्या नावाशिवाय. वर्षअखेरीला मालक नफातोटा पत्रक बघतो आणि त्याला वाटते, आपले कर्ज फार झाले आहे. कर्ज त्याने स्वतःसाठी काढलेले नसते. ग्राहकाला बिनव्याजी उधार देता यावे म्हणून त्याने व्याजाने पैसे उचललेले असतात, आणि हे वाक्य त्याच्या हिशेबात कुठेही लिहिलेले सापडत नाही. खर्च लपलेला नाही, फक्त चुकीच्या नावाने बसलेला आहे. म्हणून दुसरी बाजू नसते असे मी म्हणत नाही. ती असते, मोजलेलीही असते. पण तिच्यावर ज्याचे नाव हवे त्याचे नसते.

सरकारला हे कळलेले नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांची कमाल मर्यादा घातली, आणि ती ओलांडली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज देण्याची तरतूद केली. कागदावर हा कायदा भलताच कडक आहे. व्यवहारात मात्र व्याज मागायचे म्हणजे ग्राहक गमवायचा, म्हणून मागणारे थोडे. मग सरकारने मागण्याचे काम लहान कारखान्याकडून काढून घेतले आणि तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये नवे पोटकलम घातले. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या कर-निर्धारण वर्षापासून नियम असा की सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरता येणार नाही. म्हणजे न लिहिलेली बाजू खरेदीदाराच्या वहीत, त्याच्या कराच्या रकमेत येऊन बसली. जीएसटीतही १८० दिवसांत बिल न भागवणाऱ्याला त्यावर घेतलेली कराची सूट व्याजासह परत करावी लागते. ‘जरा’ या शब्दाची लांबी किती, हे सांगायला दोन-तीन कायदे खर्ची पडले.

यावर पहिला आक्षेप येतो तो माणुसकीचा. ॲडजस्ट म्हणजे सौजन्य. हिशेबनिसाने त्यातही नावे-जमा शोधावे हा कोतेपणा झाला. शिवाय के. आर. पुरमसारख्या ठिकाणी तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी, हिंदी, बंगाली, मराठी अशी माणसे एकाच बसमध्ये उभी असतात, त्यांना सगळ्यांना कळणारा हा एकच मऊ शब्द आहे, तो काढला तर उरेल काय? हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. टिन फॅक्टरीच्या थांब्यावरून संध्याकाळी निघणारी बस या शब्दावाचून हलणार नाही. मेट्रोचेच उदाहरण आहे. २५ मार्च २०२३ ला व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम मार्ग सुरू झाला, पण इथून बैय्यप्पनहळ्ळीपर्यंतचा दोनेक किलोमीटरचा तुकडा अपुरा होता. तो ९ ऑक्टोबरला जोडला गेला. मधले सहा-साडेसहा महिने प्रवासी एका मेट्रोतून उतरून बीएमटीसीच्या बसने दुसऱ्या मेट्रोपर्यंत जात होते. लोकांनी ॲडजस्ट केले, आणि मेट्रो मुळीच नसण्यापेक्षा ते बरे होते. पण बस दिली गेली होती. ती त्या ॲडजस्टची लिहिलेली दुसरी बाजू होती. आणि बाकावरच्या माणसाबद्दल तर मला काहीच म्हणायचे नाही. आजचा चौथा उद्या तिसरा असतो. जिथे जागा फिरत राहते तिथे वही ठेवायची गरज नाही, कारण दिवसच तिचा जमाखर्च करून टाकतात. आक्षेपाचा उरलेला निम्मा भाग मला अडतो तो इथे. ग्राहक आणि पुरवठादार, मालक आणि भाडेकरू, यांच्या जागा फिरत नाहीत. मोठी कंपनी कधीही लहान कारखान्याच्या बाकावर येऊन बसत नाही. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी ॲडजस्ट करणारी हवी’ म्हणतात तिथेही नाही. त्या वाक्याचे पुल्लिंगी रूप करून बघा, ते चुकीचे नसते, पण कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप भाषेच्या अंगाने घेता येईल आणि तो जास्त चांगला आहे. इंग्रजी शब्द जे लपवतो ते आपली भाषा उघड करते, असा. आपण नुसते ‘ॲडजस्ट’ कधी म्हणतो? करून घ्या, करून द्या, होऊन जाईल, असे काहीतरी शेपूट लावतोच. ‘घेणे’ आणि ‘देणे’ या क्रियापदांनी लाभ कोणाकडे जातो ते मराठी सांगते. कानडीतही ‘माडि’च्या जागी ‘माडकोळ्ळि’ म्हटले की ते आपल्या ‘करून घ्या’शी तंतोतंत जुळते. ‘साहेब, तेवढे बिल ॲडजस्ट करून देतो’ या वाक्यातला वास तर कोणत्याही ऑडिटरला लांबून येतो, आणि तो वास इंग्रजी शब्दाचा नव्हे, ‘देतो’चा आहे. हे सगळे खरे आहे, आणि बोलीचे हे कौशल्य मला मनापासून आवडते. पण ‘घेणे-देणे’ दिशा सांगते, माप सांगत नाही. ‘करून घ्या’ म्हटल्याने सोसायचे कोणी ते कळले; किती आणि कधीपर्यंत, ते नाही. उलट ‘करून घ्या’मध्ये ऐकणाराच जणू स्वतःच्या भल्यासाठी काही करतो आहे असा भास होतो. फायदा तिसऱ्याचाच असतो.

मग मराठी शब्दच वापरा ना, असे म्हणणारेही आहेत. वापरावे, पण त्यांनी काम आपोआप होत नाही. ‘तडजोड’ला दोन पक्ष लागतात, बोलणी लागतात, लोकअदालतीत होते ती तडजोड. ‘चालवून घेणे’, ‘भागवणे’, ‘निभावणे’, ‘खपवून घेणे’, ‘सांभाळून घेणे’, प्रत्येकाचा कल वेगळा, आणि ‘खपवून घेणे’ म्हणताना तर तक्रारच ऐकू येते. इतके बारीक भेद हाताशी असताना आपण एक सपाट इंग्रजी शब्द उचलला, त्याचे कारण भाषेची गरिबी नाही. सपाटपणाच सोयीचा होता. ‘खपवून घ्या’ असे तोंडावर म्हणता येत नाही. शासकीय ‘समायोजन’ची कथा निराळी. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा शब्द चांगला माहीत आहे. पटसंख्या घटली, संचमान्यतेत पदे कमी झाली की अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. इथे कर्माच्या जागी माणूसच आहे, आणि शब्द शुद्ध संस्कृत आहे म्हणून शिक्षकाचा प्रवास कमी लांबत नाही. तरी यादी असते, सेवाज्येष्ठता असते, आदेश असतो, हरकत घेता येते. म्हणजे फरक पडतो तो शब्दाच्या कुळाने नव्हे, त्याच्यामागे कागद आहे की नाही याने. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी जमा, खर्च, बाकी आणि वसूल आजही आपल्या वहीत तसेच आहेत आणि त्यांनी हिशेबाचे काहीही बिघडवलेले नाही. परक्या शब्दाला माप दिले की तो घरचा होतो.

आणि कागद असूनही दुसरी बाजू कोरी ठेवता येते, त्याचाही नमुना याच भागात आहे. मालमत्तेच्या नोंदीला इथे ‘खाता’ म्हणतात; नवख्या मराठी माणसाला बँक आठवते. के. आर. पुरम आणि महादेवपुरा या पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि २००७ साली बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत आल्या. बिनशेती परवानगी किंवा मंजूर आराखडा नसलेल्या लेआउटमधले प्लॉट त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने आले. त्यांची नोंद वेगळ्या ‘ब’ नोंदवहीत झाली, तोच बी-खाता. मालकाकडून मालमत्ता कर घ्यायचा, पण त्या नोंदीवर बांधकामाचा परवाना मिळणार नाही आणि बँकही कर्ज द्यायला कचरणार. कराची पावती दरवर्षी येते. हक्काच्या रकान्यात मात्र काही नाही. ॲडजस्ट हा शब्द कुठल्याही नियमात न लिहिता एका महानगराने तो अमलात आणला, असे मला त्या नोंदवहीकडे बघून वाटते.

शेवटचा आक्षेप माझ्याच धंद्यातून येतो आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. माप घातल्याने लहान माणसाचेच नुकसान होते, असे तो सांगतो. ४३ब चा नियम लागू होताना २०२४ च्या सुरुवातीला लहान उद्योजकांनीच भीती बोलून दाखवली होती की मोठे ग्राहक आता नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळतील. तोंडी ॲडजस्टवर निदान ऑर्डर तरी टिकत होती. ही भीती काल्पनिक नव्हती. भीड हे लहान कारखान्याचे एकमेव भांडवल असते, आणि ते कायद्याने रोखीत बदलले की पुढच्या वेळी वापरता येत नाही. शिवाय ज्या लहान कारखानदाराला ग्राहक ॲडजस्ट करायला लावतो तोही मागे कंत्राटी कामगारांच्या मुकादमाला तेच सांगत असतो, हे मी विसरत नाही. एवढेच म्हणता येईल की माप घालण्याचे याहून कमी दुखणारे मार्ग निघाले आहेत. टीआरईडीएस या व्यवस्थेत मोठ्या कंपनीने मान्य केलेले बिल बँकांसमोर ठेवले जाते, बँका बोली लावतात, लहान पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात आणि मोठी कंपनी ठरल्या तारखेला बँकेला देते. अडीचशे कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी आता सक्तीची आहे. नोंदणी सक्तीची, बिल तिथे टाकणे नाही, ही त्यात ठेवलेली फट. पण बिल टाकले तर उशिराची किंमत टक्क्यांत दिसते, आणि ती खरेदीदाराने सोसायची की विकणाऱ्याने हेही आधी लिहावे लागते. या पट्ट्यातल्या ज्या लहान कारखान्यांच्या वह्या मी पाहतो त्यांत ती ओळ अजून फारशी आलेली नाही. त्यांचा ॲडजस्ट अजून बँक व्याजातच आहे, आणि दर एप्रिलमध्ये मालक विचारतात की हे व्याज एवढे का वाढले.